नर्सरीचे पहिले चार महिने : नागपूरच्या आई-बाबांसाठी

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पुण्या-मुंबईची मुलं तोवर शाळेत जाऊन रुळलेली असतात, पण विदर्भातलं ऊन पाहता आपल्याला हे जास्तीचे दिवस मिळतात आणि ज्यांचं लेकरू पहिल्यांदाच नर्सरीत जाणार आहे त्यांच्यासाठी ते फार कामाचे आहेत. मी नागपुरातच नर्सरीच्या वर्गावर आहे. दर उन्हाळ्यात शेजारचे, ओळखीचे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे एकच विचारून राहतात, मॅडम आतापासून काय करून घेऊ, एबीसीडी येते त्याला, वन टू हंड्रेड म्हणतो, अजून काय शिकवू. मी म्हणते ते राहू द्या बाजूला. स्वतःचा डब्बा उघडता येतो का, बूट काढता-घालता येतात का, शू लागली तर अनोळखी बाईला सांगता येतं का, आणि आई गेली तरी परत येते हे त्याला पक्कं माहीत आहे का, एवढं बघा. पहिल्या सत्रात मूल हेच शिकतं, आणि हे जमलं की गाणी-गोष्टी-अक्षरं सगळं मागून येतं, हे नाही जमलं तर ते वर्गात बसलेलं दिसतं पण त्याचं सगळं लक्ष गेटकडे असतं.

वय आणि शाळा

हे पटकन सांगते. आपल्या राज्यात 31 डिसेंबर ही तारीख धरतात, त्या तारखेपर्यंत 3 पूर्ण तर नर्सरी, 4 ला ज्युनियर, 5 ला सिनियर आणि 6 ला पहिली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं पोट्टं जूनमध्ये अडीच वर्षांचंच असतं, नियमात बसतं, पण त्याच्या शेजारी बसलेला दुसरा जवळपास साडेतीनचा असतो आणि या वयात एका वर्षाचा फरक फार मोठा. असं काठावरचं मूल असेल आणि ते अजून नीट बोलत नसेल तर एक वर्ष थांबलात तर काही बिघडत नाही, लोक काय म्हणतात ते म्हणू द्या.

शाळा निवडताना बिल्डिंग, एसी, स्मार्ट बोर्ड याच्यापेक्षा मी दोन गोष्टी बघायला सांगते, घरापासून किती दूर आहे आणि ताई मुलांशी खाली बसून बोलते की उभ्याने. मनीष नगरहून सिव्हिल लाइन्सला तीन वर्षांच्या लेकराला रोज व्हॅनमध्ये पाठवण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. जवळच्या अंगणवाडीत चांगली ताई असेल तर तिकडेही बिनधास्त घाला. अंगणवाड्या 2 ऑक्टोबर 1975 पासून सुरू आहेत, तिथला 3 ते 6 च्या मुलांचा अभ्यासक्रम खेळातून शिकवायचाच आहे, किती खाजगी शाळांमध्ये तेवढं होतं ते तुम्हीच जाऊन बघा. आणि जायचं तर शाळा चालू असताना जा, सुट्टीत नको, सुट्टीत सगळ्याच शाळा छान दिसतात.

मे-जूनमध्ये घरी करायचं काम

सगळ्यात आधी झोप. नागपूरचा उन्हाळा म्हणजे दिवसभर पडदे लावून घरात आणि रात्री आठ-नऊ वाजता फुटाळ्याला किंवा गोळा खायला बाहेर, पोरं अकरा-साडेअकराला झोपतात आणि सकाळी नऊला उठतात, आणि मग 26-27 जूनला अचानक साडेसातला उठवायचं म्हणजे पहिला आठवडा झोपेपायीच रडण्यात जातो, त्याला आपण ‘शाळा आवडत नाही’ समजतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शासनाने 2024 मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं काढलं ते याच कारणाने. शाळा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून झोपायची वेळ दर तीन दिवसांनी पाव-पाव तास अलीकडे आणा. एकदम आणू नका, जमत नाही. आणि मोबाईल झोपायच्या निदान तासभर आधी बंद. दिवसभराचाही एका तासाच्या वर नको, हे त्याच संघटनेने या वयासाठी सांगितलंय.

दुसरं डायपर. मे महिना यासाठी सोन्यासारखा आहे, चड्डी ओली झाली तर धुऊन गॅलरीत टाकली की अर्ध्या तासात वाळते, हीच गोष्ट ऑगस्टच्या पावसात करायला गेलात तर घरभर ओले कपडे. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, बाहेर जायच्या आधी, असं ठरलेल्या वेळी नेऊन बसवा, रागावू नका, शाबासकीही फार मोठी नको, साधं ‘झाली ना, चल हात धू’ एवढंच. घरी कमोड असेल आणि शाळेत इंडियन असेल तर मूल तिथे बसायला घाबरतं, दिवसभर धरून ठेवतं आणि व्हॅनमध्ये चड्डी ओली होते. म्हणून आजीकडे, मामाकडे कुठेही इंडियन संडास असेल तिथे उकिडवं बसायची सवय करून ठेवा. तुमच्या घरी शू म्हणतात, सुसू म्हणतात की अजून काही स्वतःचा शब्द आहे, तो पहिल्याच दिवशी ताईला आणि मावशींना सांगून ठेवा. आमच्याकडे एक मुलगी ‘पाणी आलं’ म्हणायची, आम्ही प्रत्येक वेळी तिला पाण्याची बॉटल देऊन राहिलो होतो, तिची आजी घ्यायला आली तेव्हा उलगडा झाला.

कपडे इलॅस्टिकचे. जीन्सचं बटण, डंगरीचा पट्टा, बेल्ट, हे फोटोत छान दिसतं पण तीन वर्षांच्या बोटांनी घाईत उघडत नाही. बूट वेल्क्रोचे, आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो म्हणून दोन्ही बुटांच्या आतल्या बाजूला एक स्टिकर अर्धा-अर्धा कापून लावा, दोन अर्धे जुळले की बूट बरोबर. ही युक्ती जवळपास सगळ्या मुलांना जमते आणि ती फार खूश होतात. दप्तरात कपड्यांचा एक जास्तीचा जोड, चड्डीसकट, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. खरं म्हणजे केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात या वयाला दप्तरच नको असं आहे, म्हणून बॅग घ्यायची तर डब्बा-बॉटल-कपडे मावतील एवढीच, चाकं नको, मोठी नको.

डब्बा

डब्ब्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची असते, वर्गात वीस-पंचवीस मुलं, ताई एक आणि मावशी एक. चार बाजूंनी लॉक होणारा डब्बा आणला की मूल तो घेऊन उभं राहतं, मावशी येईपर्यंत पाच मिनिटं जातात, झाकण निघतं तेव्हा शेजारच्यांचं अर्धं खाऊन झालेलं असतं, मग ते दोन घास खातं आणि बंद करतं, आणि घरी तुम्ही म्हणता शाळेत खातच नाही. साधा स्टीलचा, वरचं झाकण सहज निघणारा डब्बा घ्या, दुकानातच लेकराच्या हातात देऊन उघडायला लावा, उघडला तरच पैसे द्या. घरी आठवडाभर दुपारचं खाणं त्याच डब्ब्यात, त्याच बॉटलमधून पाणी. जमिनीवर रुमाल पसरायचा, डब्बा उघडायचा, खायचं, झाकण लावायचं, हात पुसायचे, सगळं त्यालाच करू द्या, सांडलं तर सांडू द्या.

आत काय द्यायचं तर हाताने खाता येईल आणि गार झाल्यावरही खाववेल असं. मेथीच्या पराठ्याचे तुकडे, धिरडं, सांभार (कोथिंबीर) घातलेले मऊ पोहे, इडली, उपमा, गूळ-तुपाची पोळी गुंडाळून, शिरा. पोहे जास्तच मोकळे असले तर कोरडे पडतात आणि घशात अडकतात, त्याच्यावर थोडं दूध किंवा पाणी शिंपडून झाकून ठेवा. पहिले पंधरा दिवस रोज ओळखीचंच द्या, नवीन पदार्थ घरी रविवारी.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक पालकसभेत सांगते, चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या डब्ब्यात आख्खे फल्लीदाणे नको. पोह्यातले, चिवड्यातले, चिक्कीतले, कुठलेच नको. तसंच फुटाणे, पॉपकॉर्न, आख्खी द्राक्षं, गोल कडक गोळी. या वयात मुलाला कडक वस्तू नीट चावून बारीक करता येत नाही, ते खाताना हसतं, बोलतं, पळतं, आणि दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो, तो प्रकार जीवावरचा आहे. दाण्याचा कूट चालतो, द्राक्षं उभी चार भागांत चिरून चालतात. आपल्याकडे कुठल्याही फराळात दाणे असतातच त्यामुळे आजी-आजोबांना हे समजावून सांगावं लागतं, ‘आम्ही नाही खाल्ले का’ असं म्हणतील, तरी सांगा.

गेटवरचा टाटा

पहिल्या दिवशी रडणं होणारच. रडलं नाही तर छान, पण काही मुलं पहिला आठवडा नवलाईत जातात आणि दुसऱ्या आठवड्यात रडतात, तेव्हा घाबरू नका, त्यांना आत्ता कळलेलं असतं की हे रोजचं आहे.

मूल खेळण्यात गुंतलं की मागच्या मागे निसटणारे पालक असतात. असं करू नका. त्या क्षणी सोपं जातं पण मूल वळून पाहतं आणि आई नाही, मग ते दुसऱ्या दिवशी खेळण्याला हातच लावत नाही, कारण खेळलं की आई जाते हे त्याने पकडलेलं असतं. तसंच ‘मी इथेच बाहेर बसली आहे’ असं सांगून जाऊ नका, ते खिडकीतून पाहतं. सरळ सांगा की मी ऑफिसला चालली, तुझा डब्बा झाला, मग ग्राउंडवर खेळलास, मग गोष्ट झाली की मी येते. या वयाला साडेबारा कळत नाही, डब्बा आणि गोष्ट कळते. म्हणून शाळेचा क्रम ताईकडून विचारून घ्या आणि घरी त्याच क्रमाने बोला.

टाटा छोटा ठेवा आणि रोज सारखाच ठेवा. एक पापी, एक टाळी, ‘गोष्ट झाली की आली’, आणि वळा. वळून परत येऊ नका. गेटवर दहा मिनिटं समजावत उभं राहिलं की मुलाला वाटतं काहीतरी भीतीचं आहे म्हणूनच आई जात नाहीये. तुमच्या डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या पण ते गाडीत. आईला सोडताना फार त्रास होत असेल तर पहिले काही दिवस बाबा किंवा आजोबांना पाठवून बघा, बऱ्याच मुलांचं रडणं त्याने कमी होतं. आईची एखादी वस्तू जवळ असली तरी फरक पडतो. एका मुलाच्या मनगटात त्याच्या आईचं केसांचं काळं रबर असायचं, आठवण आली की तो ते दुसऱ्या हाताने ओढायचा, गोष्ट चालू असली की सोडायचा, पुढे दिवाळीच्या आसपास ते रबर आपोआप घरीच राहायला लागलं, कोणी काढून घेतलं नाही.

घ्यायला मात्र वेळेवर जा. पाच मिनिटं आधीच जा. सगळी मुलं गेली आणि आपलंच उरलं, हे तीन वर्षांच्या जीवाला फार लागतं. ऑटो किंवा व्हॅन लावायची असेल तर पहिला महिना शक्यतो नको, स्वतः ने-आण करा, आणि लावताना किती मुलं बसवतात ते गेटवर उभं राहून मोजा, काकांचा नंबर, गाडीचा नंबर आणि घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो शाळेत देऊन ठेवा. ऐनवेळी दुसरं कोणी येणार असेल तर शाळेला फोन केल्याशिवाय पाठवू नका, आम्ही मूल देत नाही म्हणून लोक चिडतात, पण देऊ नयेच.

आत तीन तास काय चालतं

पालकांना वाटतं मुलं तीन तास खेळतात. हो, खेळतात, आणि त्यासाठीच ती येतात. आली की बूट रॅकमध्ये, गोल करून बसायचं, प्रार्थना, नावं घ्यायची, आज कोण आलं कोण नाही आलं. मग कोपऱ्यांत खेळ, एका कोपऱ्यात ठोकळे, एकात भातुकली, एकात चित्रांची पुस्तकं, एकात माती नाहीतर कणीक. मग डब्बा, ग्राउंड, आणि शेवटी गोष्ट. भातुकलीच्या कोपऱ्यात कढई एक आणि स्वयंपाकी चार, तिथे जे काही होतं ते कुठल्याही वर्कशीटवर होत नाही. ‘आधी मी, मग तू’ हे एका वाक्याचं काम करायला काही मुलांना सप्टेंबर उजाडतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वय हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि 2022 मध्ये त्याचा जो आराखडा आला त्यातही खेळ, गोष्ट, गाणी, गप्पा यातूनच शिकवा असं म्हटलंय. आपल्या महाराष्ट्राला तर हे नवीन नाहीच. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसोबत बोर्डी-कोसबाडला त्यांनी बालवाड्यांचं जे काम केलं त्यात बिया, शिंपले, पानं, खडे हेच शिकण्याचं साहित्य होतं. म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत ‘ए’ ची पूर्ण पानं भरून आली नाहीत तर नाराज होऊ नका, आली तर ताईला विचारा की हे कशासाठी. आणि नर्सरीला ट्यूशन तर अजिबात लावू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

हात

लिहायची एवढी घाई का करू नये ते सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात, तिसऱ्या वर्षी त्यातली बरीचशी अजून कूर्चाच असते, एक्स-रे काढला तर मोजकीच दिसतात. खांदा, कोपर, पंजा, मग बोटं, असा जोर हळूहळू खाली उतरतो. त्याआधी पेन्सिल दिली की मूल मुठीत धरतं, दाबून दाबून लिहितं, हात दुखतो आणि त्याला लिहिण्याचाच कंटाळा येतो. बोटांना जोर यायला घरात भरपूर कामं आहेत. कणकेचे गोळे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणं, जुना पेपर फाडणं, झाडांना स्प्रेच्या बाटलीने पाणी मारणं. थंडीत बाजारात तुरीच्या शेंगा यायला लागल्या की सोले सोलायला लेकराला शेजारी बसवा, एक शेंग फोडायला त्याला तुमच्या दहा शेंगांइतका वेळ लागेल, लागू द्या, फक्त कच्चे दाणे तोंडात जात नाहीत ना याकडे लक्ष.

आणि संत्रं. आंबिया बहाराचं संत्रं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हातगाड्यांवर येतं, त्या दिवसांत वर्गात आम्ही एकेका मुलाला एकेक संत्रं देतो. आपल्या संत्र्याची साल सैल असते म्हणून हे जमतं. देठाच्या बाजूने ताई फक्त एक खाच करून देते, पुढचं त्याचं त्याने. आधी अंगठा आत जात नाही, मग एकदम जातो आणि डोळ्यात तुषार उडतो, मूल दचकतं, हसतं, हाताचा वास घेतं. साल एकसंध निघते का तुकडे होतात याच्यावर सगळ्यांचं लक्ष. मग फोडी वेगळ्या करायच्या, पांढरे धागे ओढायचे, फोडी मोजायच्या, शेजाऱ्याच्या जास्त का आपल्या जास्त. बिया काढून वाटीत टाकायच्या, त्यासाठी दोन बोटांची चिमूट लागते, हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते. फोडी आम्ही अर्ध्या करून बिया पाहूनच खायला देतो. दुसऱ्या दिवशी साली वाळत ठेवतो आणि त्या कशा आक्रसल्या ते रोज बघतो. घरी हे एका रविवारी करा, खाली पेपर टाका, मोबाईलवर शूट करत बसू नका, तुम्हीही एक सोला.

भाषा आणि घरी आल्यावरच्या गप्पा

नागपूरच्या मुलाच्या कानावर घरी मराठी, सोसायटीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी पडते. त्यामुळे सुरुवातीला ते सगळं मिसळतं, ‘आई मेरा बॉटल कुठे आहे’, यात काळजीचं काही नाही. शाळेत काही आठवडे गप्प राहणंही चालतं, ते ऐकून राहिलेलं असतं. काळजी करायची ती मागून हाक मारली तर वळत नाही, तीन वर्षं पूर्ण होऊनही दोन-तीन शब्द जोडून बोलत नाही, बाहेरच्या माणसाला त्याचं बहुतेक बोलणं कळत नाही, अशा वेळी. मग ‘बोलेल हळूहळू, त्याचे बाबाही उशिरा बोलले’ यावर थांबू नका, बालरोगतज्ज्ञाला दाखवून आधी कान तपासून घ्या.

शाळेत इंग्रजी बोलावं म्हणून घरी मोडकं इंग्रजी सुरू करणारे आई-बाबा मी खूप बघते. कृपा करून घरी आपली मराठी बोला, भरभरून बोला, भाजी निवडताना, अंघोळ घालताना, ऑटोत बसल्यावर बाहेर काय दिसतं ते. एका भाषेत ज्याला ‘का’ आणि ‘म्हणून’ नीट वापरता येतं त्याला दुसरी भाषा जड जात नाही.

‘आज काय शिकवलं’ हा प्रश्न सोडून द्या, उत्तर ‘काहीच नाही’ येतं. दारातच प्रश्न नको, आधी हात-पाय धू, पाणी, खाणं, थोडं लोळणं. नंतर बारीक विचारा, आज तुझ्या बाजूला कोण बसलं होतं, कोण रडलं, घसरगुंडीवर पाणी होतं का, मावशीने कोणत्या रंगाची साडी घातली होती. किंवा काहीच न विचारता तुम्ही तुमच्या दिवसातलं एक सांगा, ते आपोआप सुरू होतं. दुपारी झोपताना, पंखा फिरताना बघत, सगळ्यात जास्त गोष्टी बाहेर येतात.

आजारपण

पहिलं वर्ष सर्दी-खोकल्याचं जातं, हे धरूनच चला. औषध न देता सलग 24 तास ताप आला नाही, तरच शाळेत पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलेलं मूल साडेदहाला तापतं, हे आम्हाला लगेच कळतं, आणि तोवर त्याने सगळ्या ठोकळ्यांना हात लावलेला असतो. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाला पुरळ येणारा विषाणूचा आजार वर्गात फिरतो, तोंडात फोड, तळहात-तळपायांवर लाल पुरळ. तो बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत बरा होतो पण पसरतो फार, म्हणून दिसलं की त्याच दिवशी शाळेला कळवा, लपवू नका.

आणि कूलर! पाऊस सुरू झाला की आपण कूलर बंद करतो पण टाकीतलं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास होतात. तो दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत आणि घरी जागी असतानाच. टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, वाळवून ठेवा, वाळ्याच्या ताट्या काढून टाका. शाळेतले कूलर रिकामे झाले का, हेही पालकसभेत विचारा, विचारायचा तुमचा हक्क आहे. त्या महिन्यांत हात-पाय झाकतील असे सुती कपडे घाला.

तान्हा पोळा ते दिवाळी

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तान्हा पोळा येतो आणि बाहेरून आलेल्या पालकांचा गोंधळ उडतो, म्हणून सांगून ठेवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी सजवून निघतात, घरोघरी ओवाळतात आणि बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ देतात. बऱ्याच शाळा एक-दोन दिवस आधी वर्गातच करतात. महागाचा मोठा नंदी नको, लेकराला स्वतः ओढता येईल असा, चाकं नीट फिरणारा छोटा नंदी आणा आणि तो सजवायला त्यालाच बसवा, झिरमिळ्या वाकड्या लागल्या तरी त्याच राहू द्या. धोतर-फेटा घालायचा तर आत इलॅस्टिकची चड्डी, आणि घालायच्या आधी शू करवून घ्या. ढोल-ताशाला काही मुलं फार घाबरतात, त्यांना जबरदस्तीने पुढे उभं करू नका, लांब खिडकीतून बघू द्या. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी महाल-इतवारीत मारबतीची, म्हणजे इडापिडा-रोगराई घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते, गर्दी आणि आवाज खूप, दाखवायचीच असेल तर एखाद्या नातेवाइकाच्या गॅलरीतून, खांद्यावर घेऊन गर्दीत नको. पण ‘घेऊन जा गे मारबत’ हे घरी नक्की शिकवा, वर्गात सगळी मिळून जोरात म्हणतात, एरवी तोंडातून शब्द न काढणारीही.

मग दिवाळीची सुट्टी आणि सुट्टीनंतर पुन्हा रडणं. हे जवळपास अर्ध्या वर्गाचं होतं. गावाहून परत यायचं तर शाळेच्या आदल्या रात्री उशिरा नको, दोन दिवस आधी या, झोपेची वेळ पुन्हा बसवा, पहिल्या दिवशी ताईला दाखवायला काहीतरी हातात द्या, पणती, गावचं सीताफळ, काहीही. टाटा तोच, वाक्य तेच. बहुतेक मुलं जूनपेक्षा लवकर सावरतात. पण दोन-तीन आठवडे उलटले तरी रडणं तसंच आहे, रात्री दचकून उठतं, सुटलेली शू पुन्हा चड्डीत व्हायला लागली, किंवा एखाद्या विशिष्ट माणसाचं, व्हॅनचं, बाथरूमचं नाव काढलं की अंग चोरतं, तर ते लाडाचं किंवा हट्टाचं समजू नका. दुसऱ्याच दिवशी शाळेत जा, ताईशी एकटीशी बोला, मावशींशी बोला, व्हॅन बंद करून आठवडाभर स्वतः ने-आण करून बघा. मुलाला शांतपणे विचारा, उत्तर तुम्ही त्याच्या तोंडात घालू नका, ते जे सांगेल ते पूर्ण ऐका आणि त्यावर विश्वास ठेवा. समाधान झालं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, आणि मुलाच्या अंगाला कोणी नको तसा हात लावल्याची शंका जरी आली तरी शाळेच्या उत्तराची वाट न बघता 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.